‘किंचित घटनात्मक’ माणूस : शॉन लेमास यांची बंदूक आणि कारभार

आधुनिक युरोपचा इतिहास शिकवताना आयर्लंडचे प्रकरण आले की दर दोन-तीन वर्षांनी कोणीतरी मला हा प्रश्न विचारतेच आणि आताही तो जवळपास त्याच शब्दांत आला आहे. सोळाव्या वर्षी डब्लिनच्या टपाल कचेरीत ब्रिटिश फौजेशी लढलेले आणि पुढे यादवी युद्धात आपल्याच देशाच्या नव्या सरकारविरुद्ध उभे राहिलेले शॉन लेमास अखेर त्याच देशाचे पंतप्रधान कसे झाले? त्यांचे मतपरिवर्तन झाले, की सत्तेसाठी त्यांनी तत्त्वे गुंडाळून ठेवली? माझ्या मते यांपैकी काहीच घडले नाही. लेमास यांनी ध्येय सोडले नाही, साधने सोडली. आणि एखादे साधन निरुपयोगी ठरले आहे हे त्यांच्या बरोबरच्यांपेक्षा त्यांना नेहमी थोडे आधी कळत असे. मात्र दर वेळी त्याची किंमत त्यांना शत्रूकडे नव्हे, तर आपल्याच माणसांकडे मोजावी लागली. ती कशी, हे नीट कळण्यासाठी त्यांचे आयुष्य थोडे जवळून पाहावे लागेल.

‘होमरूल’ हा शब्द मराठी वाचकाला टिळकांमुळे परिचित आहे. तो मुळात आयरिश राजकारणातला. एप्रिल १९१६ मध्ये बेळगावला टिळकांची होमरूल लीग स्थापन झाली, त्याच महिन्यात ज्या भूमीतून तो शब्द आला तिथे मात्र त्या शब्दावरचा तरुणांचा विश्वास उडाला होता. होमरूलचा कायदा १९१४ मध्ये संमत होऊनही महायुद्धाचे कारण सांगून तहकूब ठेवला गेला होता आणि उत्तरेतील युनियनवादी, म्हणजे ब्रिटनशी जोडलेले राहू इच्छिणारे लोक, तो हाणून पाडण्यासाठी शस्त्रे जमवून बसले होते. अशा वातावरणात डब्लिनच्या केपल स्ट्रीटवरील एका टोपीविक्रेत्याचा मुलगा जानेवारी १९१५ मध्ये, वयाची सोळा वर्षेही पूर्ण झालेली नसताना, आयरिश स्वयंसेवक दलात दाखल झाला. जन्म १५ जुलै १८९९ चा. घरचे नाव जॉन. शॉन हे त्याचे आयरिश रूप.

पुढच्याच वर्षी, २८ जानेवारी १९१६ रोजी, घरात एक भयंकर घटना घडली. या मुलाच्या हातातल्या रिव्हॉल्व्हरमधून चुकून गोळी सुटली आणि त्याचा धाकटा भाऊ हर्बर्ट, जो अजून दोन वर्षांचाही नव्हता, मरण पावला. तो अपघातच होता, यात कोणालाही शंका नव्हती. लेमास पुढे साडेपाच दशके जगले, पण याविषयी त्यांनी जाहीरपणे अवाक्षर काढले नाही. एका घटनेवरून माणसाचे सगळे मन उलगडून दाखवणाऱ्या चरित्रकारांचा मला कंटाळा आहे, म्हणून यातून मी कोणताही मोठा निष्कर्ष काढणार नाही. तरीही पुढे शस्त्रांविषयी आणि स्वतःच्या लढाईविषयी हा माणूस जो कडक मौन पाळतो, त्याची सुरुवात वाचकाने इथे नोंदवून ठेवावी.

तीन महिन्यांनी डब्लिनमध्ये ब्रिटिश राजवटीविरुद्ध ईस्टरचा उठाव झाला. तो सुरू झाला त्या सोमवारी, म्हणजे २४ एप्रिलला, शॉन आणि त्यांचा थोरला भाऊ नोएल मित्रांबरोबर डब्लिनजवळच्या डोंगरात फिरायला गेले होते. कारण स्वयंसेवक दलाचे प्रमुख इऑन मॅकनील यांनी रविवारचे संचलन रद्द केल्याचे जाहीर केले होते आणि आता काही होणार नाही अशीच बहुतेकांची समजूत झाली होती. परतताना त्यांना खुद्द मॅकनीलच वाटेत भेटले आणि शहरात लढाई सुरू झाल्याचे त्यांच्याच तोंडून कळले. हा प्रसंग लेमास यांनी पन्नास वर्षांनी, १९६६ मध्ये, स्वतः लिहून ठेवला. दुसऱ्या दिवशी दोघे भाऊ शहरात आले. शॉन यांची नेमणूक उठाववाल्यांचे मुख्य ठाणे असलेल्या टपाल कचेरीच्या छतावर झाली, हातात एक शॉटगन आणि घरगुती बनावटीचे बाँब. शुक्रवारी आगीने वेढलेली इमारत सोडताना उठावाचे जखमी नेते जेम्स कॉनली यांच्या स्ट्रेचरला काही पावले त्यांनीही खांदा दिला. शरणागतीनंतर त्यांना बराकीत डांबण्यात आले, पण कोवळा चेहरा पाहून घरी पाठवून देण्यात आले. वडिलांनी मुलाला पुन्हा शिक्षणाला लावले. मुलाने शिक्षण आणि दल दोन्ही चालू ठेवले.

पुढे ब्रिटिशांविरुद्ध झालेल्या स्वातंत्र्ययुद्धाच्या काळातील लेमास यांच्याविषयी लिहिताना जपून लिहावे लागते. २१ नोव्हेंबर १९२० च्या सकाळी आयरिश लढ्याचे गुप्तहेरप्रमुख मायकेल कॉलिन्स यांच्या माणसांनी डब्लिनमध्ये ब्रिटिश गुप्तहेरांच्या राहत्या घरांवर छापे घालून डझनाहून अधिक जणांना ठार केले आणि त्याच दुपारी क्रोक पार्क मैदानावर ब्रिटिश दलांच्या गोळीबारात १४ जण मारले गेले. सकाळच्या कारवाईत लेमास होते, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्यांनी स्वतः मात्र ते जाहीरपणे कधी सांगितले नाही. आयर्लंडच्या राजकारणात पुढची चाळीस वर्षे ‘मी अमुक ठिकाणी लढलो’ हे सांगणे म्हणजे मतांचे चलनी नाणे होते, हे ध्यानात घेतले तर या मौनाचे वजन कळते. त्या डिसेंबरमध्ये त्यांना अटक झाली आणि वर्षभर ते बॅलिकिनलर येथील छावणीत स्थानबद्ध होते. डिसेंबर १९२१ मध्ये अँग्लो-आयरिश तह झाला, तेव्हा ते सुटून बाहेर आले.

या तहाने मित्रांचे शत्रू केले. तहानुसार २६ परगण्यांना ‘फ्री स्टेट’ म्हणून वसाहतीच्या स्वराज्याचा (डोमिनियनचा) दर्जा मिळाला, परंतु तिथल्या संसद सदस्यांना ब्रिटिश राजाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागणार होती. उत्तरेचे सहा परगणे ब्रिटनकडेच राहिले होते, म्हणून आपल्याला वाटते की भांडण देशाच्या या फाळणीवरून झाले असेल. प्रत्यक्षात त्या वेळी संसदेतील वाद मुख्यतः या शपथेवरून पेटला. लेमास तहविरोधी गटाबरोबर गेले आणि डब्लिनचे न्यायालय संकुल, म्हणजे फोर कोर्ट्स, ताब्यात घेऊन बसलेल्या तुकडीत सामील झाले. २८ जून १९२२ च्या पहाटे तहाच्या बाजूने गेलेल्या कॉलिन्स यांच्या सरकारी फौजेने ब्रिटिशांकडून मिळालेल्या तोफांनी त्या इमारतीवर मारा सुरू केला आणि दोन दिवसांनी आतल्यांनी शरणागती पत्करली. कैद्यांना जवळच्याच जेमिसन मद्य कारखान्याच्या आवारात ठेवले होते; तिथून अर्नी ओ’मॅली, लेमास आणि आणखी काही जण निसटले. डिसेंबरमध्ये लेमास पुन्हा पकडले गेले.

मे १९२३ मध्ये तहविरोधकांनी शस्त्रे खाली ठेवली. युद्ध संपले होते, आणि तरीही ३ जुलैला नोएल लेमास यांना डब्लिनमधून भरदिवसा उचलून नेण्यात आले. ऑक्टोबरात त्यांचा छिन्नविच्छिन्न देह शहराच्या दक्षिणेला फेदरबेड या डोंगराळ, दलदलीच्या माळरानावर सापडला. संशय सरकारी यंत्रणेतल्या माणसांवर होता, शिक्षा मात्र कोणालाच झाली नाही. भावाच्या मृत्यूमुळे शॉन यांची सुटका झाली. आजही त्या रस्त्याच्या कडेला नोएल यांच्या नावाचा दगडी क्रूस उभा आहे.

ज्याच्या भावाला युद्ध संपल्यावर असे मारले, तो चोवीस वर्षांचा तरुण पुढे काय करील, याचा अंदाज बांधायचा तर सूड हा शब्द प्रथम मनात येईल. लेमास यांनी केले ते इतके रूक्ष आहे की चित्रपट काढणाऱ्याची निराशाच व्हावी : त्यांनी मतदार याद्या हाती घेतल्या. मार्च १९२४ मध्ये दक्षिण डब्लिनची पोटनिवडणूक ते शिन फेन या तहविरोधकांच्या पक्षातर्फे लढले आणि हरले. नोव्हेंबरात त्याच मतदारसंघातून निवडून आले. परंतु शपथ घ्यायची नाही म्हणून संसदेत बसायचे नाही, हे पक्षाचे धोरण होते. म्हणजे निवडून यायचे आणि घरी बसायचे. त्याच वेळी तहविरोधकांचे एक कागदोपत्री ‘प्रजासत्ताक सरकार’ही चालू होते आणि लेमास त्यात चक्क संरक्षणमंत्री होते. नोव्हेंबर १९२५ मध्ये आयआरएच्या, म्हणजे तहविरोधकांच्या सशस्त्र सेनेच्या, अधिवेशनाने या सरकारशी नाते तोडले, तेव्हा संरक्षणमंत्र्याच्या हाताखाली फौजसुद्धा राहिली नाही.

माझ्या मते लेमास यांच्या आयुष्यातले खरे वळण हेच आहे, आणि ते नाट्यमय नसल्यामुळे पाठ्यपुस्तकांतून निसटते. ज्याला सैन्य नाही असा संरक्षणमंत्री आणि जो संसदेत जात नाही असा खासदार, या दोन्ही भूमिका एकाच वेळी जगलेल्या माणसाला त्यांतला पोकळपणा इतरांपेक्षा लवकर जाणवला तर नवल नाही. शिन फेनमधील शुद्धतावादी मंडळींवर त्यांनी याच सुमारास जी टीका केली, तिचा रोख सरळ होता : चर्चा पुरे, संघटना कुठे आहे?

मार्च १९२६ मध्ये तहविरोधकांचे नेते एमन डी व्हॅलेरा शिन फेनमधून बाहेर पडले आणि १६ मे रोजी डब्लिनच्या ला स्काला नाट्यगृहात फियाना फॉल या नव्या पक्षाची स्थापना झाली. चेहरा डी व्हॅलेरांचा होता. पायपीट लेमास आणि गेराल्ड बोलंड यांची. जुन्या मोटारींतून हे दोघे गावोगाव हिंडले. त्यांची पद्धत साधी आणि अचूक होती. गावात पोचल्यावर ते यादवी युद्धातल्या स्थानिक तुकडीच्या म्होरक्याला गाठत आणि त्यालाच शाखेचा चिटणीस करत. तुकडीची शाखा झाली, माणसे तीच राहिली, शिस्तही तीच राहिली, फक्त रात्रीच्या पहाऱ्याऐवजी दारोदार जाऊन मते मोजण्याचे काम आले. पराभूत सैन्याचे राजकीय पक्षात रूपांतर कसे करावे याचा इतका स्वच्छ नमुना विसाव्या शतकात क्वचितच सापडतो. जून १९२७ च्या निवडणुकीत, म्हणजे स्थापनेनंतर जेमतेम वर्षभरात, या पक्षाला ४४ जागा मिळाल्या आणि सत्ताधाऱ्यांना ४७.

शपथेचा काटा मात्र तसाच होता. जुलैमध्ये उपपंतप्रधान केव्हिन ओ’हिगिन्स यांची हत्या झाली आणि सरकारने असा कायदा आणला की निवडून आल्यावर शपथ घेण्याची हमी उमेदवारी भरतानाच द्यावी लागेल. आता बाहेर बसणे म्हणजे कायमचे बाहेर बसणे होते. ऑगस्टमध्ये डी व्हॅलेरा आणि त्यांचे सहकारी संसदेत गेले, शपथेच्या वहीत सह्या केल्या आणि ही शपथ नसून निव्वळ पोकळ औपचारिकता आहे असे जाहीर केले. ज्या सहीसाठी यादवी युद्ध झाले, भाऊ गेला, मित्र गेले, ती सही पाच वर्षांनी ‘औपचारिकता’ ठरली. या गोष्टीची टवाळी करणे सोपे आहे आणि तेव्हा ती भरपूर झालीही. पण दुसरी बाजू अशी की त्या दिवसानंतर आयर्लंडमध्ये सत्ता मतपेटीतून घ्यायची की नाही हा प्रश्न जवळपास निकाली निघाला.

जवळपास म्हणतो, कारण लेमास यांनी स्वतःच त्याला शेपूट ठेवले. मार्च १९२८ मध्ये संसदेत बोलताना त्यांनी आपल्या पक्षाचे वर्णन ‘किंचित घटनात्मक पक्ष’ असे केले आणि त्याच भाषणात आम्ही आधी प्रजासत्ताकवादी आहोत, हेही बजावले. हे वाक्य विरोधकांनी आयुष्यभर त्यांच्या तोंडावर फेकले. मला ते प्रामाणिक वाटते. बंदूक खाली ठेवून आलेल्या हजारो माणसांना घेऊन जो संसदेत बसला आहे त्याने एका रात्रीत ‘संपूर्ण घटनात्मक’ झाल्याचा आव आणला असता तर मागची माणसे उठून गेली असती. १९३२ मध्ये पक्ष निवडणूक जिंकला, तेव्हाही ९ मार्चच्या सत्तांतराच्या दिवशी फियाना फॉलचे काही सदस्य खिशात पिस्तुले घालून सभागृहात आले होते म्हणतात. यादवी युद्धातल्या विजेत्यांनी हरलेल्यांच्या हाती निमूटपणे सत्ता सोपवली, याचे श्रेय मावळते नेते विल्यम कॉसग्रेव्ह यांनाही तितकेच दिले पाहिजे. आयरिश लोक ते पुष्कळदा विसरतात.

बत्तिसाव्या वर्षी लेमास उद्योग आणि व्यापारमंत्री झाले. पुढच्या काळाविषयी मी घाईने सांगतो, कारण आकडे कुठेही मिळतात. आयात मालावर भरमसाट जकात बसवणे, परदेशी भांडवलदारांना कारखान्यांची मालकी मिळू नये म्हणून १९३२ आणि १९३४ चे कायदे करणे, साखर, पीट कोळसा आणि विमानसेवा यांसाठी सरकारी कंपन्या उभारणे हा त्यांचा कार्यक्रम होता. एअर लिंगस ही विमान कंपनी १९३६ ची. त्याच वर्षांत ब्रिटनशी व्यापारयुद्ध चालू होते आणि गुरे विकली न गेल्यामुळे शेतकरी भरडला जात होता, हे या चित्राच्या कडेला लिहायला हवे. दुसऱ्या महायुद्धात देश तटस्थ राहिला आणि लेमास पुरवठामंत्री झाले. चहावर जीव असलेल्या या देशात १९४१ मध्ये माणशी चहा आठवड्याला अर्धा औंस, म्हणजे सुमारे १४ ग्रॅम, इतका खाली आला. मालवाहू जहाजे आपली नाहीत तर धान्य येणार कसे, या अडचणीतून त्याच वर्षी त्यांनी सरकारी जहाज कंपनी उभारली.

१९५० चे दशक मात्र भीषण होते. दहा वर्षांत सुमारे चार लाख माणसे देश सोडून गेली, बहुतेक इंग्लंडला, आणि १९६१ च्या जनगणनेत लोकसंख्या अवघी २८ लाख भरली, फ्री स्टेट झाल्यापासूनची सर्वांत कमी. जकातीच्या भिंतीआड वाढलेले कारखाने छोट्याशा बाजारपेठेत गुदमरत होते आणि ती भिंत लेमास यांनीच बांधलेली होती. १९५८ मध्ये अर्थखात्याचे सचिव केन व्हिटेकर यांनी ‘आर्थिक विकास’ हा अहवाल लिहून जकातीचे संरक्षण सोडा आणि निर्यातीकडे वळा असा सल्ला दिला. जून १९५९ मध्ये डी व्हॅलेरा राष्ट्राध्यक्ष झाले आणि साठीला टेकलेले लेमास पंतप्रधान झाले. आयर्लंडमध्ये या पदाला ‘टीशॉक’ म्हणतात. आपल्याच धोरणाची मोडतोड करण्याचे काम आता त्यांच्या हाती आले आणि त्यांनी ते रेंगाळत केले नाही. परदेशी मालकीवरचे निर्बंध उठवले, ३१ जुलै १९६१ ला युरोपीय सामाईक बाजारपेठेकडे सदस्यत्वासाठी अर्ज केला, डिसेंबर १९६५ मध्ये ब्रिटनशी मुक्त व्यापाराचा करार केला. योजनेत वाढीचा वेग वर्षाला दोन टक्के धरला होता, प्रत्यक्षात तो सुमारे चार टक्के निघाला. व्हिटेकर यांच्या लेखणीला श्रेय द्यावेच, परंतु अहवाल कपाटात ठेवून देणे ही जगातल्या सर्व सरकारांची आवडती कला आहे, आणि स्वतःच्या तीस वर्षांच्या कामावर काट मारणारा अहवाल अमलात आणणारा मंत्री मी तरी फार पाहिलेला नाही.

आता १४ जानेवारी १९६५ कडे येतो, कारण प्रश्नाचे उत्तर खरे तर या एका दिवसात सामावले आहे. फाळणी झाल्यापासून दक्षिणेच्या सरकारचा प्रमुख बेलफास्टला उत्तरेच्या पंतप्रधानांना भेटायला गेलेला नव्हता. तसे जाणे म्हणजे उत्तरेच्या सरकारला मान्यता देणे, अशी चाळीस वर्षांची भूमिका होती. उत्तरेचे पंतप्रधान टेरेन्स ओ’नील आणि व्हिटेकर यांची जागतिक बँकेच्या बैठकांमुळे ओळख होती; तो धागा धरून निमंत्रण आले. ओ’नील यांनी ही गोष्ट स्वतःच्या मंत्रिमंडळातील बहुतेकांपासूनही लपवून ठेवली होती. लेमास व्हिटेकरांना बरोबर घेऊन मोटारीने सीमा ओलांडून स्टॉर्मंटला, म्हणजे उत्तरेच्या सरकारच्या मुख्यालयी, पोचले. पाहुण्यांच्या तोंडून सुरुवातीला शब्दच फुटेना, असे ओ’नील यांनी पुढे लिहिले आहे. मग ते त्यांना हात धुवायला घेऊन गेले आणि तिथे लेमास अचानक म्हणाले, यापायी मी मोठ्या अडचणीत सापडणार आहे. ओ’नील यांनी उत्तर दिले, तुम्ही नव्हे, मी सापडेन. ओ’नील यांचे म्हणणे खरे ठरले. चार वर्षांनी त्यांना पद सोडावे लागले.

त्या भेटीत फाळणीवर चर्चा झाली नाही. पर्यटन, वीज, व्यापार असे साधे विषय निघाले. ज्या माणसाने छतावरून ब्रिटिशांवर बंदूक रोखली, तो पन्नास वर्षांनी त्याच प्रश्नावर विजेच्या तारांविषयी बोलत होता, याला कोणी पराभव म्हणू शकतो. लेमास यांचा हिशोब वेगळा होता. उत्तरेतील प्रोटेस्टंट दहा लाखांच्या घरात आहेत, त्यांना गोळीने किंवा ठरावाने आणता येणार नाही, आणि दक्षिण गरीब राहिली तर ते कधी आपण होऊन येणारही नाहीत, हे त्यांना पटले होते. उत्तरेतल्या, एकीकरण मागणाऱ्या कॅथलिकांच्या राष्ट्रवादी पक्षाने त्यानंतर काही आठवड्यांतच तिथल्या विधिमंडळात अधिकृत विरोधी पक्षाची जागा स्वीकारली. लेमास यांची मर्यादाही इथेच दिसते : उत्तरेतल्या कॅथलिकांवर घरे, नोकऱ्या आणि मताधिकार यांत होणाऱ्या अन्यायाचा जोर त्यांनी ओळखला असे मला वाटत नाही. व्यापार वाढला की कटुता ओसरेल या गृहीतकाला १९६८ पासून उत्तरेत जो हिंसाचार उसळला त्याने जबर धक्का दिला.

१९६६ हे उठावाचे सुवर्णमहोत्सवी वर्ष होते. त्या फेब्रुवारीत डब्लिनच्या किंग्ज इन्स येथे केलेल्या भाषणात लेमास यांनी पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यात भरती होऊन मेलेल्या आयरिश सैनिकांचा विषय काढला. या लोकांच्या हेतूंवर संशय घेण्याची रीत पडली होती आणि तो दोष माझ्याकडूनही घडला, असे सांगून त्यांनी त्या सैनिकांचे हेतू अत्यंत उदात्त होते असे म्हटले. उठावाच्या पन्नाशीत, टपाल कचेरीत लढलेल्या माणसाने, पंतप्रधानपदावरून दिलेली ही कबुली होती. देशाने अधिकृतपणे त्या सैनिकांची आठवण काढायला आणखी काही दशके जावी लागली.

नोव्हेंबर १९६६ मध्ये त्यांनी स्वतःहून पद सोडले. संसदेत मात्र ते राहिले आणि राज्यघटनेचा आढावा घेणाऱ्या सर्वपक्षीय समितीत बसले. डी व्हॅलेरांच्या १९३७ च्या घटनेतील तिसरे कलम उत्तरेवर अधिकार सांगणारे होते. १९६७ मध्ये या समितीने ते बदलून, एकीकरण सलोख्याने आणि बंधुभावाने व्हावे, अशा अर्थाचे शब्द सुचवले. ती सूचना तशीच पडून राहिली. ११ मे १९७१ रोजी लेमास वारले. उत्तरेत तेव्हा पुन्हा बंदुका चालू झाल्या होत्या, आणि ते कलम बदलायला मतदारांनी कौल दिला तो मे १९९८ मध्ये.